साठ गोण्या की पंचावन्न? (बीमच्या मालाचा हिशोब)

नेवासा म्हटलं की कोणालाही खांब आठवतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरी सांगितली तो 'पैस' आमच्या गावात आहे आणि लांबलांबून लोक त्याच्या दर्शनाला येतात. खांबाचं नशीब असं, आणि तुळईचं मात्र कोणी नाव काढत नाही. अहो, खांब उभा असतो, पण वरचा सगळा भार आडवा झेलून त्याच्यापर्यंत आणून पोहोचवते ती तुळईच! आता तिला सगळे बीम म्हणतात. या लेखात त्या बीमला लागणाऱ्या सिमेंट, वाळू, खडीचा हिशोब कसा करायचा ते बघू. हा हिशोब तुम्ही-आम्ही एस्टिमेटिंगच्या पेपरात दहा मार्कांसाठी करतो. मी तो गेल्या दिवाळीच्या सुट्टीत खऱ्या स्लॅबसाठी केला आणि तोंडावर आपटलो. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडं जुनं. आमच्या भागातली जुनी घरं माळवदाची. जाड भिंती, लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर किलच्या आणि वर माती. घर किती मोठं हे चौरस फुटात कोणी सांगत नसे, 'पाच खणांचं घर' असं म्हणत. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. सुताराला खण सांगितले की किती तुळया, किती खांब हे त्याच्या डोक्यात तयार. त्या हिशोबाला एक सोय होती, कमी पडलेली तुळई आठवड्याने आणली तरी बिघडत नसे. काँक्रीटचं तसं नाही. ते एकदा सुरू झालं की थांबत नाही, आणि कमी पडलं तर कुठे कमी पडतं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

आता आमचं काम. नेवाशाजवळ आमची वस्ती आहे. तिथे तात्यांनी (माझे चुलते) दोन खोल्यांचं घर बांधायला घेतलं. सहा कॉलम, तीन-तीनच्या दोन रांगा. लांबीत कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंत ४ मीटरचे दोन गाळे, रुंदीत ४.५ मीटरचा एक. कॉलम २३० बाय ३८० मि.मी., मोठी बाजू रुंदीच्या दिशेने. सगळे बीम २३० बाय ३८०, म्हणजे मिस्तरींच्या भाषेत '९ बाय १५'. स्लॅब १२५ मि.मी., पाच इंची. काँक्रीट एम-२०, प्रमाण १ : १.५ : ३. आय.एस. ४५६ (२०००) प्रमाणे आर.सी.सी.ला एम-२० च्या खाली जाता येत नाही आणि ठरावीक प्रमाणाचं, म्हणजे नॉमिनल मिक्स, एम-२० च्या वर चालत नाही. त्यामुळे खेड्यातल्या घराला दोन्ही बाजूंनी एम-२० च उरतं.

(घरात बीम तीन ठिकाणी येतात: जोत्याला, दार-खिडक्यांवर लिंटेल आणि स्लॅबखाली. आमच्याच तालुक्यातल्या शनिशिंगणापूरला घरांना दारं न बसवण्याची परंपरा आहे, पण चौकटीवरची लिंटेल काही तिथेही चुकत नाही! लिंटेल आणि जोत्याचे बीम सुटे असल्यामुळे त्यांचा हिशोब सोपा, लांबी × रुंदी × उंची. घोळ होतो तो स्लॅबखालच्या बीममध्ये, म्हणून तेवढाच घेतो.)

लांबीच्या दिशेने चार बीम. ४ मीटरमधून कॉलमचे ०.२३ वजा केले की प्रत्येकाची मोकळी लांबी ३.७७ मीटर, चारांची १५.०८. रुंदीच्या दिशेने तीन बीम, ४.५ मधून ०.३८ वजा, ४.१२ प्रत्येकी, तिघांची १२.३६. एकूण २७.४४ मीटर.

इथे पहिला खड्डा. बीमची उंची ३८० मि.मी. आहे, पण तिच्यातले वरचे १२५ मि.मी. स्लॅबमध्येच आहेत. स्लॅब आपण बाहेरून बाहेर मोजणार, म्हणजे तो बीमच्या डोक्यावरून जाणार. म्हणून बीमसाठी फक्त खालची २५५ मि.मी. धरायची:

२७.४४ × ०.२३ × ०.२५५ = १.६०९ घनमीटर.

पूर्ण ३८० धरले तर २.३९८ येतात. म्हणजे ०.७९ घनमीटर, सहा गोण्यांहून जास्त सिमेंट, दोनदा मोजलं जातं. आमच्या वर्गात निम्म्या वह्यांमध्ये ही चूक सापडेल. (माझ्या नव्हती. याचा मला तेव्हा फार अभिमान होता.)

दुसरा खड्डा याच्या उलटा आहे, त्यात माल कमी मोजला जातो. बिलाचं मोजमाप करताना बीम कॉलमच्या कडेपासून कडेपर्यंत मोजतात आणि कॉलम स्लॅबच्या खालच्या अंगापर्यंत. बिलासाठी हे बरोबर. पण साइटवर कॉलम भरतात ते बीमच्या तळापर्यंतच. बीमच्या तळापासून स्लॅबच्या तळापर्यंतचा कॉलमचा तुकडा कागदावर कॉलममध्ये गेलेला असतो आणि प्रत्यक्षात स्लॅबच्या दिवशी भरला जातो. असे सहा तुकडे:

६ × ०.२३ × ०.३८ × ०.२५५ = ०.१३४ घनमीटर.

एक गोणी यातच गेली. गंमत म्हणजे बीमची लांबी कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरली (१६ + १३.५ = २९.५ मीटर) तर उत्तर १.७३० येतं, आणि वरच्या दोन आकड्यांची बेरीज १.७४३ आहे. फरक १३ लिटरचा, घमेलंभर! त्यामुळे घाईच्या वेळी मध्य-ते-मध्य लांबी आणि स्लॅबखालची उंची घ्यायला माझी हरकत नाही. मात्र कॉलम फार मोठे असतील तर ही सूट घेऊ नका.

स्लॅब ८.२३ × ४.८८ मीटर, म्हणजे ४०.१६ चौरस मीटर (४३२ चौरस फूट). गुणिले ०.१२५ बरोबर ५.०२० घनमीटर. सळयांनी व्यापलेली जागा वजा करत नाहीत. दोनशे किलो लोखंडाचं आकारमान जेमतेम २५ लिटर होतं, ते सांडण्यातच जातं.

एकूण ओलं काँक्रीट: ५.०२० + १.६०९ + ०.१३४ = ६.७६३ घनमीटर.

पुढे सगळ्यांना पाठ असलेला भाग. गुणिले १.५४, म्हणजे कोरडा माल १०.४२ घनमीटर. भागिले ५.५. सिमेंट १.८९४ घनमीटर, १४४० ने गुणून २७२७ किलो, म्हणजे साडेचोपन्न गोण्या. वाळू त्याच्या दीडपट, २.८४ घनमीटर. खडी तिप्पट, ५.६८. आपल्याकडे वाळू-खडी ब्रासमध्ये मिळते. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. (सरकारसुद्धा ब्रासच वापरतं. २०२३ च्या वाळू धोरणात दर ठरला तो ब्रासला ६०० रुपये असाच, आणि त्या धोरणातला पहिला डेपो आमच्या शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात नायगावला सुरू झाला होता.) म्हणजे वाळू बरोबर एक ब्रास, खडी बरोबर दोन ब्रास. आकडे इतके सुबक आले की मी वहीवर दोन रेघा मारल्या.

मिस्तरी म्हणाले, "साठ गोण्या आणा."

मी म्हटलं, "मिस्तरी, साडेचोपन्न लागतात. पंचावन्न बास."

"आमचा हिशोब शंभर फुटाला चौदाचा. सव्वाचारशे फूट स्लॅब आहे, साठ लागतील. उरल्या तर दुकानदार परत घेतो की."

आता बघा, बीम दोनदा मोजणाऱ्या वर्गमित्राचं उत्तर किती आलं असतं? ७.५५ घनमीटर, एकसष्ट गोण्या. म्हणजे चुकलेली वही आणि मिस्तरी एका बाजूला आणि माझी बरोबर वही दुसऱ्या बाजूला. मी तात्यांना वही दाखवली. पुतण्या इंजिनियरिंगला, तिसऱ्या वर्षाला. तात्यांनी पंचावन्न गोण्या आणल्या. वाळू एक ब्रासची ट्रॉली, शिवाय प्लास्टरसाठी थोडी वेगळी टाकून घेतली. खडी अडीच ब्रास, कारण ट्रॅक्टरवाला अर्ध्याहून लहान खेप करायला तयार नव्हता.

स्लॅबच्या आदल्या रात्री परतीचा पाऊस झाला. वाळूचा ढीग उघडा होता. सकाळी वरून चकाकत होता, पण ऊन पडलं आणि कोणी लक्ष दिलं नाही. मी तर नाहीच.

नारळ फोडून साडेदहाला सुरुवात केली. एक गोणीचा मिक्सर, वरती व्हायब्रेटर. आधी बीम भरत जायचे, मागून स्लॅब. पूर्वेकडून निघालो होतो, पश्चिमेच्या शेवटच्या बीमपर्यंत यायचं होतं. मी खाली गोण्या मोजत बसलो होतो. तिसाव्या गोणीला मला वाटलं की आपण थोडे मागे आहोत, पण बोललो नाही. पाच वाजता पंचावन्नावी गोणी फुटली आणि मिक्सर बंद झाला. वर जाऊन पाहिलं तर शेवटच्या बीमचा खालचा भाग भरलेला, पण त्याच्या डोक्यावरचा स्लॅब, साधारण दोन फुटांचा पूर्ण रुंदीचा पट्टा, मोकळा. बीमच्या वरच्या सळया तशाच उघड्या दिसत होत्या.

मित्रांनो, ही जागा नीट डोळ्यांसमोर आणा. काँक्रीट थांबवायचंच असेल तर गाळ्याच्या मध्याजवळ, उभी फळी लावून थांबवतात, कारण तिथे शिअर कमी असतो. शिअर फोर्स डायग्राम आपण कितीदा काढली आहे! आधाराजवळ सगळ्यात उंच, मध्याकडे शून्याला येणारी. आमचा जोड पडत होता तो आधारापासून दोन फुटांवर, जिथे शिअर जवळजवळ पूर्ण आहे. आणि त्याहून वाईट म्हणजे शेवटचा बीम निम्म्यावर आडवा कापला जाणार होता. ३८० मि.मी.चा म्हणून डिझाइन केलेला बीम, पण त्याचा खालचा २५५ चा भाग आजचा आणि वरचा १२५ चा उद्याचा. कागदावर साडेतीन गोण्यांची तूट, प्रत्यक्षात एका बीमच्या एकसंधपणाचा प्रश्न.

तात्यांनी दुकानदाराला फोन लावला. दुकान बंद करून तो घरी गेला होता. तात्या मोटरसायकलवर त्याला आणायला गेले, टेम्पो मिळेना, शेवटी शेजाऱ्याच्या पिकअपमधून चार गोण्या आल्या. सव्वा तास गेला. सिमेंट घट्ट व्हायला लागण्याचा काळ स्टँडर्डप्रमाणे कमीत कमी ३० मिनिटं असावा लागतो. बाजारातलं सिमेंट बहुधा त्याहून बराच वेळ देतं, पण तो भरवसा बसल्या जागी देता येत नाही. मिस्तरींनी त्या सव्वा तासात शांतपणे दोन गोष्टी केल्या. उघड्या कडेवर ओली पोती टाकली आणि दर दहा मिनिटांनी व्हायब्रेटरची सुई कडेजवळ उभी धरून बघितली. सुई स्वतःच्या वजनाने आत जाते आहे आणि काढल्यावर भोक मिटतं आहे, तोपर्यंत नवा माल जुन्यात मिसळतो. सहाच्या सुमाराला सुई अजून जात होती, थोडी जड जात होती इतकंच. पावणेसातला विजेरीच्या उजेडात शेवटचं घमेलं पडलं. चौथी गोणी अर्धी उरली. मिस्तरी मला काहीही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

रात्री झोप कसली लागते! गुणाकार चारदा तपासला. ६.७६३ बरोबरच होते. मग साडेतीन गोण्या गेल्या कुठे?

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू केला. पहिला चोर लगेच सापडला. स्लॅबच्या कडेच्या फळ्या निघाल्यावर जाडी मोजली: १२८, १३०, १३२. सरासरी १३०. सेंट्रिंगच्या प्लेट थोड्या खाली बसतात, वरून पाटा मारताना दोन मि.मी. जास्त राहतात. पाच मि.मी. ऐकायला काहीच नाही, पण ४०.१६ चौरस मीटरवर ते ०.२० घनमीटर होतात. पावणेदोन गोण्या इथे गेल्या.

उरलेल्या पावणेदोन गोण्यांसाठी १.५४ च्या पोटात शिरावं लागलं. हा आकडा आपण मंत्रासारखा म्हणतो, पण तो येतो कुठून? एका गोणीचा घाणा घेऊ. सिमेंट ३४.७ लिटर, वाळू ५२, खडी १०४. मापाने बेरीज १९१ लिटर. पण यात पोकळ्या आहेत. भरीव आकारमान काढायचं तर वजन भागिले घनता. सिमेंट ५० किलो भागिले ३.१५, म्हणजे १६ लिटर. वाळू लिटरला १.६ किलो धरली तर ८३ किलो, भागिले २.६५, म्हणजे ३१ लिटर. आपली खडी काळ्या बसाल्टची, सैल भरली तर लिटरला १.४५ किलोच्या आसपास, म्हणून १५१ किलो, भागिले २.८५, म्हणजे ५३ लिटर. पाणी २५ लिटर. बेरीज १२५ लिटर. १९१ ला १२५ ने भागा: १.५२. थोडं सांडणं धरून १.५४. म्हणजे १.५४ हा काही निसर्गनियम नाही. वाळू कोरडी आहे, खडी अमुक इतकी भरते, पाणी अमुक इतकं घातलं आहे, असं सगळं गृहीत धरून आलेलं ते उत्तर आहे. यातलं एक गृहीत बदललं की आकडा बदलतो.

आणि आमची वाळू कोरडी नव्हती.

वाळू ओली झाली की फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून लांब राहतात. चार-पाच टक्के ओलाव्याला हा फुगवटा सगळ्यात जास्त असतो. गंमत अशी की पूर्ण बुडवली की वाळू पुन्हा मूळ मापाला येते, आणि यावरच साधी परीक्षा आहे. सरळ बाजूंचा पारदर्शक डबा घ्या. त्यात २० सें.मी. उंचीपर्यंत ओली वाळू न दाबता भरा. ती काढून ठेवा, डबा अर्धा पाण्याने भरा, वाळू परत हळूहळू टाका, काडीने ढवळा आणि बसू द्या. आता उंची मोजा. प्लास्टरच्या ढिगातली (त्याच खेपेची, त्याच पावसात भिजलेली) वाळू मी खरवडून घेतली आणि आईच्या डाळीच्या बरणीत ही परीक्षा केली. १६ सें.मी. भरली. चार भागिले सोळा, पंचवीस टक्के.

म्हणजे आमच्या प्रत्येक घाण्यात ५२ लिटर म्हणून जी वाळू जात होती ती खरी ४१.६ लिटरच होती. भरीव आकारमान ३१ ऐवजी २५ लिटर. एकूण पाणी तेवढंच राहिलं असं धरलं तर एका गोणीचं काँक्रीट १२५ ऐवजी ११९ लिटर झालं. पंचावन्न गोण्यांचं ६.५५ घनमीटर. हवं होतं ६.७६. तूट ०.२१, भागिले ०.११९, पावणेदोन गोण्या. दुसरा चोर सापडला. ट्रॉलीतली वाळूसुद्धा गोण्यांबरोबरच संपली होती, म्हणून दिवसभरात कोणाला संशय आला नाही. वाळू मापाने पूर्ण होती, मालाने पाऊण ब्रासच्या थोडी वर होती.

इथपर्यंत मला वाटत होतं की प्रश्न फक्त गोण्यांचा आहे. पण तीन आठवड्यांनी बीमखालची सेंट्रिंग काढली तेव्हा मधल्या बीमच्या तळाला, कॉलमजवळ, वीतभर जागेत खडी उघडी दिसली. हनीकोंब! वाळू कमी म्हणजे खडीच्या पोकळ्या भरायला मसाला कमी. स्लॅबमध्ये ते खपून जातं, पण बीमच्या तळाला सळया दाट असतात, कॉलमजवळ तर तिन्ही बाजूंच्या सळया एकात एक शिरलेल्या. तिथे असा रुक्ष माल अडकतोच. सरांना फोटो दाखवले. त्यांच्या सांगण्यावरून मिस्तरींनी सैल खडी ठोकून काढली, सळईच्या मागे पोकळ नाही ना ते बघितलं, जागा धुऊन न आकसणाऱ्या ग्राउटने भरली. सुदैवाने खोली कव्हरपुरतीच होती.

थोडक्यात, वाळूचा हिशोब दोन्हीकडून करावा लागतो. फुगवटा २५ टक्के असेल तर २.८४ घनमीटरच्या जागी ३.५५ घनमीटर मागवायची, म्हणजे सव्वा ब्रास. आणि मिक्सरवरही त्याच प्रमाणात जास्त घमेली टाकायची. नुसती जास्त मागवून उपयोग नाही, नाहीतर ती अंगणात उरते आणि बीम उपाशी राहतात. शिवाय ओल्या वाळूबरोबर पाणी येतं. आमच्या वाळूत चार टक्के ओलावा धरला तर गोणीमागे पावणेतीन लिटर. तेवढं वरच्या पाण्यातून वजा व्हायला हवं. आय.एस. ४५६ मधल्या तक्त्यात एम-२० ला गोणीमागे पाणी जास्तीत जास्त ३० लिटर दिलं आहे, पण ते वाळूतल्या पाण्यासकट. मिक्सरवरचा माणूस डबा बघून नाही तर माल 'पळतो' का ते बघून पाणी घालतो, हे आपण सगळ्यांनी साइट व्हिजिटला पाहिलं आहे.

घमेल्याबद्दल दोन शब्द. पुस्तकात मापाची पेटी असते, आतून ३० × ३० × ३८.५ सें.मी., एका गोणीइतकी. साइटवर ती कोपऱ्यात उलटी पडलेली असते आणि तिच्यावर चहाचे कप ठेवलेले असतात. काम चालतं घमेल्यावर. मग निदान सकाळी एकदा ती पेटी घमेल्याने भरून बघा. आमचं घमेलं काठोकाठ भरलं की तीन घमेल्यांत पेटी भरत होती. म्हणजे गोणीला साडेचार घमेली वाळू, नऊ घमेली खडी. पण बिगारी घमेलं काठोकाठ भरतो का? सकाळी शिगोशीग भरतो, दुपारी जेवणानंतर सपाट आणि चारनंतर पाऊण. यात त्याचा दोष नाही, दिवसभर तेच घमेलं डोक्यावर घेऊन बघा म्हणजे कळेल. शीग धरून किंवा सपाट, काहीही एकच ठरवा.

लोखंडाचं फार सांगत नाही, कारण ते आदल्या दिवशी बांधून झालेलं असतं आणि कमी पडलं तर आणता येतं. मीटरचं वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र सर्वांना माहीत आहे. १६२ येतो स्टीलच्या ७८५० घनतेवरून. आठ मि.मी.ला ०.३९५ किलो. २३० × ३८० च्या बीमला २५ मि.मी. कव्हर सोडलं की रिंग बाहेरून १८० × ३३० ची होते, हुक धरून आणि वाकवण्यातलं वजा करून तुकडा साधारण १.१ मीटरचा. १५० मि.मी. अंतराने ४.१२ मीटरच्या बीमला २८ अंतरं, म्हणून रिंगा २९. ३.७७ च्या बीमला २७. सातही बीमच्या मिळून १९५ रिंगा, ८५ किलो. अंतरं मोजून त्यात एक मिळवायला विसरणारे दरवर्षी भेटतात. सात बीमला सात रिंगा कमी, आणि कमी पडतात त्या नेमक्या कॉलमशेजारच्या.

या दिवाळीत वरचा मजला आहे. नकाशा तोच, बीम तेच. स्लॅब १३० चाच पडणार हे धरून ओलं काँक्रीट ६.९६ घनमीटर. त्याच्या छप्पन्न गोण्या. सांडणं, मिक्सरला चिकटणं आणि बीमच्या फळ्या फुगणं यांचे अडीच टक्के, म्हणजे साडेसत्तावन्न. अठ्ठावन्न धरू. खडी सव्वादोन ब्रास. वाळू कोरडी मिळाली तर १.०७ ब्रास, पंचवीस टक्के फुगलेली मिळाली तर १.३३, म्हणून दीड मागवायची, वर ताडपत्री टाकायची आणि सकाळी बरणीची परीक्षा करून घमेल्यांचा आकडा ठरवायचा. यंदा क्रश सँड आली तरी परीक्षा करणारच, धुतलेली असली की तीही ओलीच येते. काम पूर्वेकडून सुरू करून मधल्या बीमच्या पुढे गेल्यावर पंचेचाळिसाव्या गोणीला थांबून किती भरलं ते टेपने मोजायचं. तेव्हा तूट दिसली तर दुकान उघडं असतं आणि फळी लावायला गाळ्याचा मध्यही हाताशी असतो.

परवा मिस्तरी भेटले. "किती आणायच्या म्हणता, इंजिनियर?"

"साठ," मी म्हटलं. "दोन हाताशी."

ते हसले आणि तात्यांकडे वळून म्हणाले, "बासष्ट सांगा."